बाळकुमच्या वाटेवरची कुरकुर

मित्रांनो, मी एक जुनी पायगाडी आहे. तुम्ही जिला सायकल म्हणता, तिला माझ्या तरुणपणी पायगाडी म्हणत. मात्र मला पाहिल्यावर मी सायकल आहे असे तुम्हांला चटकन वाटणार नाही. माझ्यावर टांग टाकून बसता येत नाही, माझ्यात रेलून बसावे लागते. वेताची एक आरामखुर्ची दोन चाकांच्या मधोमध अडकवली आहे अशी कल्पना करा. बसणाऱ्याची पाठ खुर्चीला टेकते, हात मांडीपाशी असलेल्या दांडीवर राहतात आणि पाय सरळ समोर जातात, थेट पुढच्या चाकाच्याही पुढे. त्यामुळे मी कुठेही गेले की आधी माणसाचे तळवे पोहोचतात आणि मागून माणूस. ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिने एकदा मोठी पंचाईत केली होती.

एकोणिसावे शतक संपायला थोडीच वर्षे उरली होती तेव्हा ठाण्यात माझा जन्म झाला. माझे मालक प्रभाकरपंत हे देवी टोचणारे सरकारी नोकर होते. देवी हा तेव्हा फार भयंकर रोग होता. तो आला की घरातली लेकरे जात. जी वाचत त्यांच्या तोंडावर जन्माचे वण राहत, काहींचे डोळे जात. दंडावर लस टोचून घेतली की हा रोग टळत असे. पंत लसीची पेटी घेऊन गावोगाव हिंडत आणि मुलांना लस टोचत. लोक त्यांना देवीचे डॉक्टर म्हणत.

आधी पंत तट्टावर बसून फिरत. एका पावसाळ्यात घोडबंदरच्या रस्त्यावर तट्टू घसरले आणि पंत खड्ड्यात पाठीवर आपटले. हाड जुळले, पण पाठ पूर्वीसारखी झाली नाही. तट्टावर दोन घटका बसले की त्यांना घाम फुटे. सर्वांनी सांगितले, आता कचेरीत बसून करायचे काम मागा. पंतांनी तसे केले नाही. एक साहेब विलायतेला परत जाताना आपली मोडकी पायगाडी टाकून गेला होता. ती पंतांनी घरी आणली, अंगणात तिच्यासमोर बसून राहिले आणि विचार करू लागले की पाठ उभी न ठेवता ही कशी चालवता येईल.

त्या विचारातून मी घडले. दौलत लोहाराने माझी लांब नळी जोडली. खुर्ची पंतांच्या ओटीवरचीच होती. साखळी लांबवण्यासाठी दोन साखळ्या एकीला एक जोडल्या. मी पहिल्यांदा चालले तेव्हा तीनदा पडले आणि चौथ्यांदा मासुंदा तळ्यापर्यंत सरळ गेले. तळ्याकाठी माणसे जमली.

"पंत, झोपून चाललात की चालता चालता झोपलात?" कोणीतरी विचारले.

"तुम्ही बसा, मग तुम्हीच सांगा," पंत म्हणाले.

दौलत मात्र गर्दीत छाती पुढे काढून उभा होता. "नळी माझी आहे," तो ज्याला त्याला सांगत होता. "खुर्ची त्यांची, नळी माझी."

मित्रांनो, ते दिवस फार चांगले गेले. कोपरीला जावे, माजिवड्याला जावे, होडीत आडवे पडून खाडी ओलांडावी, कल्याणच्या बाजूला ठाकुर्लीपर्यंत फेरी मारावी. पंतांची पाठ माझ्या वेतावर निवांत असे. मी आवाज करत नसे. साखळीची मंद सरसर सोडली तर माझे येणे कोणाला कळतही नसे, आणि मला त्याचा अभिमान होता.

दिवाळी झाली आणि कुरकुर सुरू झाली.

पंतांच्या पायाचा एकेक दाब आणि एकेक कुरकुर. कुर्र, कुर्र. दारापासून ती सुरू होई आणि वाटभर साथ करी. ती पंतांच्या कानाच्या अगदी मागे, खुर्चीच्या पाठीत वाजे. खाडीवरच्या वाऱ्यात तर ती दोन शेते ओलांडून पलीकडे ऐकू जाई. आपल्या बोलीत कुरकुरणे म्हणजे नुसता आवाज नव्हे. काम नको असलेला माणूसही कुरकुरतोच. त्यामुळे ठाण्यात माझे नाव पडले कुरकुरी. "पंतांची कुरकुरी निघाली बघा कामाला, मनात नसताना." हे मी ऐके आणि मला बोलता येत नसे. मला काम हवे होते. मी एकदाही कंटाळले नव्हते.

नाव पडले ते सोसले असते. पण बाळकुममध्ये जे घडू लागले ते सोसण्यासारखे नव्हते.

बाळकुम हे खाडीकाठचे गाव. भातशेती करणारी आणि मिठागरात राबणारी माणसे. दिवाळीच्या आधी पंत एकदा मला घरी ठेवून होडीने तिथे गेले होते आणि फक्त एका मुलाला टोचले होते, कारण बाकीच्यांनी आधी त्याचे काय होते ते पाहू असे ठरवले. त्या मुलाचा दंड सुजला आणि त्याला ताप आला. लस लागली म्हणजे असे होतेच. दोन दिवसांत ते उतरते. पण गावाला ते कोणी सांगायचे? पंत त्याला पाहायला माझ्यावरून परत निघाले तेव्हा माझी कुरकुर सुरू झाली होती. गावाने ती लांबून ऐकली. आणि त्या दिवसापासून तो आवाज म्हणजे देवी टोचणारा, हे गावात पोरासोरांना पाठ झाले.

आम्ही गावात शिरत असू तेव्हा गाव रिकामे असे. चुलीवर पेज रटरटत असे, अंगणात सुकट पसरलेली असे, आणि माणूस एकही नाही. मुलांना भाताच्या कणगीत उतरवत, मिठाच्या टोपल्यांखाली झाकत, काखोटीला मारून खाडीलगतच्या खाजणात, चिखलातल्या झुडपांत नेत. एकदा पंत एका दारात थांबले. आत झोळी टांगलेली होती. ती रिकामी होती, पण अजून हलत होती. कोणीतरी नुकतेच त्यातले मूल उचलून पळाले होते. पंत त्या झोळीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी हात पुढे करून ती थांबवली आणि आम्ही परत फिरलो.

त्याच आठवड्यात बातमी आली की खाडीपलीकडच्या एका पाड्यावर देवी आल्या आहेत. दोन मुले गेली होती. बाळकुम आणि तो पाडा यांच्यामध्ये एका होडीचे अंतर होते. आता कुरकुर थांबवायचीच होती, नाहीतर बाळकुमची मुले कणगीत लपून राहणार होती आणि रोगाला कणगीचे झाकण उघडता येते.

पंतांनी मला दौलतकडे नेले. दौलतने माझ्याभोवती फेरी मारली.

"पंत, खरं सांगू? नजर लागली. त्या दिवशी तळ्यावर किती माणसं होती. लिंबू बांधा चाकाला."

"लिंबू बांध, पण त्याबरोबर खिळेही आवळ," पंत म्हणाले.

दौलतने दोन्ही केले. खिळे आवळले, चाकांच्या कण्यांना एरंडेल दिले, साखळी रॉकेलमध्ये बुडवून काढली. मागचे चाक विटांवर उचलून फिरवले. मी गप्प. पंत खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारातून बाहेर पडलो आणि कुर्र, कुर्र.

मग पंतांनी स्वतः शोध घ्यायचे ठरवले आणि मित्रांनो, तो शोध पाहण्यासारखा होता. ते चिडले नाहीत. मला लाथ मारली नाही. रोज संध्याकाळी ते पायांवर पाणी घेत, घरात जाऊन चहा पीत आणि मग अंगणात माझ्यापाशी येत. मला विटांवर उभी करून, खुर्चीत रेलून, एकेक भाग तपासत. वेत कुरकुरतो असे वाटले म्हणून त्यांनी खुर्चीचा सगळा वेत उसवून नवा विणला. खुर्ची आणि नळी यांच्या मध्ये चामड्याचा तुकडा घातला. आवाज कानामागून येत होता म्हणून कानामागचे सर्व काही त्यांनी बदलले. आणि दर संध्याकाळी अंगणात मी अगदी मुकी असे.

"घरी आली की शहाण्यासारखी वागते," ते पत्नीला म्हणत. "बाहेर पडली की सुरू."

"माहेरी आलेली दिसते," मंदाकिनीबाई म्हणत. त्यांचे माहेर कल्याणचे होते आणि हा विनोद त्या स्वतःवरच करत.

अंगणात नाही, रस्त्यावर आहे. तेव्हा रस्त्याचे काहीतरी असले पाहिजे असे पंतांनी अनुमान काढले. धूळ असेल. खाडीचा खारा वारा असेल. ऊन लागून नळी फुगत असेल. त्यांनी मला उन्हात ठेवून पाहिले, ओल्या फडक्यात गुंडाळून पाहिले. अनुमाने सगळी शहाणपणाची होती. फक्त एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटत होती, आणि ती आपल्यापैकी कोणाच्याही नजरेतून सुटली असती.

एके सकाळी बाळकुमला निघताना दिंडी दरवाजाच्या बाहेरच माझी साखळी उतरली. पंतांनी माझी मागची नळी दारापुढच्या दगडावर टेकवून चाक अधांतरी केले, साखळी बसवली आणि ती नीट बसली का पाहायला तिथेच खुर्चीत रेलून पाय मारले. चाक हवेत फिरले. कुर्र, कुर्र.

मंदाकिनीबाई विसरलेली पाण्याची सुरई घेऊन दारात आल्या होत्या. त्या थबकल्या.

"अहो, ही तर रस्त्यावर नाहीच. दगडावर उभी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे धूळ नाही, वारा नाही. काल संध्याकाळी अशीच विटांवर होती तेव्हा गप्प होती. मग कालपेक्षा आज काय जास्त आहे?" त्यांनी सुरई खाली ठेवली. "पगडी काढा बघू."

"अगं, पगडी कशी कुरकुरेल?"

"काढा तर खरी."

पंतांनी पगडी काढून दिली. पाय मारले. कुर्र.

"आता कोट."

"भर रस्त्यात?"

"उपरणं घ्या वर. कोट द्या."

कोट गेला. कुर्र. लसीची पेटी खाली उतरवली. कुर्र. शेजारचे दोघेचौघे थांबून बघू लागले. पंतांना घाम फुटला, पण ते पाय मारत राहिले. मंदाकिनीबाईंच्या हातात पगडी, कोट, चष्म्याचे घर असे एकेक जमत गेले. त्यांनी पंतांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि त्यांची नजर माझ्या पुढच्या टोकाला जाऊन थांबली. तिथे पायडलवर पंतांचे पाय होते आणि पायांत नवा तांबडा पुणेरी जोडा होता.

"जोडा काढा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

जोडा निघाला. पंतांनी अनवाणी पायांनी पायडल दाबले. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मी मुकी. माझ्या साखळीची ती जुनी मंद सरसर तेवढी ऐकू आली.

मित्रांनो, तुम्हांला कदाचित माहीत नसेल. त्या काळी चांगला जोडा मुद्दाम बोलका करत. तळाच्या दोन चामड्यांच्या मध्ये बिया घालून तो शिवत, म्हणजे पाऊल टाकले की तो करकरे आणि कोणी प्रतिष्ठित गृहस्थ येत आहेत हे लोकांना कळे. कारागीर विचारतच असे, बोलका हवा की मुका? हा जोडा पंतांच्या सासऱ्यांनी दिवाळीला कल्याणहून खास बोलका करवून पाठवला होता. चालताना तो करकरे तेव्हा तो मान होता, म्हणून पंतांच्या कानाने त्याला कधी आवाजात धरलेच नाही. पायडलवर तळवा वाकला की तोच करकराट बारीक होऊन माझ्या पोकळ नळीत शिरे आणि नळीभर धावत येऊन खुर्चीच्या पाठीत वाजे. आणि घरी? घरी जोडा दाराबाहेर काढूनच आपण आत येतो. पंत रोज संध्याकाळी अनवाणी पायांनी कुरकुर शोधत होते, आणि कुरकुर उंबऱ्याबाहेर शांतपणे बसून होती.

मंदाकिनीबाई आधी हसल्या आणि मग एकदम गंभीर झाल्या. "बाबांना काय सांगायचं?"

"सांगू की जावई इतका मोठा झाला की गावंच्या गावं रिकामी होतात," पंत म्हणाले. त्यांनी कोट चढवला, पगडी घातली, पेटी लावली. जोडा मंदाकिनीबाईंच्या हाती दिला आणि ते अनवाणीच निघाले.

बाळकुमपर्यंत मी वाऱ्यासारखी गेले. गावात शिरलो तेव्हा पहिल्यांदाच तिथे माणसे होती. मुले चिंचेखाली खेळत होती. त्यांनी आजवर मला फक्त ऐकले होते. पळण्याच्या नादात पाहिले कधीच नव्हते. दोन उघडे तळवे जमिनीवरून हातभर उंचीने तरंगत येताना पाहून ती जागच्या जागी उभी राहिली. मग तळव्यांमागून पगडी आली. एक लहान मुलगी खदखदून हसली आणि तिच्यामागून सगळी हसत सुटली. "खाटगारी," एक जण ओरडला. "यो बग, खाटंवर झोपून आयला."

हसण्याचा आवाज ऐकून बाया बाहेर आल्या. सर्वांत पुढे गोदा होती. मिठागरात डोक्यावर टोपल्या वाहून तिची मान ताठ झाली होती. हसणारी मुलगी तिचीच, तिचे नाव शालू. गोदाने लसीची पेटी ओळखली आणि शालूला मागे ओढले.

"पाय दाखवत येतंस व्हय रं आमच्या दारात? येवरा मोठा सायेब, आन पायात जोरा नाय. कोनी चोरला?"

"पाय दाखवले, चुकलं," पंत म्हणाले. ते उतरले आणि जमिनीवरच बसले. "ही गाडीच तशी आहे. आणि जोडा मीच घरी ठेवला. तो फार बोलतो."

मला वाटले, आता पंत पेटी उघडतील. मुले समोर होती, पळायला वेळ नव्हता, एक-दोघांना धरून टोचता आले असते. पंतांनी पेटीला हात लावला नाही.

"माज्या भयनीच्या पोराला टोचलास," गोदा म्हणाली. "हात असा सुजला त्याचा. दोन राती रडला. तवा बगायला आयलास?"

"आलो, गोदाबाई. तीनदा आलो. घरात झोळी हलत होती, पण माणूस दिसलं नाही."

गोदाच्या मागच्या एका बाईने पदर तोंडाला लावला.

"ती झोली आमचीच," गोदा म्हणाली. "शालूचा धाकला भाव व्हता तिच्यात. मीच घेऊन पललेली."

"दंड सुजतो आणि ताप येतो. ते मी आधी सांगायला हवं होतं, आणि ताप आला तेव्हा जवळ असायला हवं होतं. सांगायला आलो तर माझाच आवाज माझ्या आधी पोहोचायचा."

"आन आता टोचलास, आन ताप आला, तर? तू ठान्यात, आमी हितं."

"ताप चार-पाच दिवसांनी येईल. तेव्हा मी इथेच राहायला येईन, उतरेपर्यंत."

"रातचा कुटं झोपशील?"

पंतांनी माझ्याकडे हात केला. "खाट बरोबरच आहे की."

गोदाला हसू आवरेना. हसता हसता तिने डोळे पुसले. मग तिने शालूला पुढे केले, तिच्या झग्याची बाही वर सारली आणि स्वतःचा हात मुलीच्या डोळ्यांवर धरला. "टोच. माज्या पोरीपासून कर. मंग बाकीची येतील."

शालू रडली, पण थोडी. नंतर पंतांनी तिला माझ्या खुर्चीत बसवून चिंचेभोवती एक फेरी मारून आणली. ते पाहून पुढची मुले आपणहून दंड दाखवायला रांगेत उभी राहिली.

पंत बोलल्याप्रमाणे परत आले. तापाचे दिवस त्यांनी बाळकुममध्ये काढले. रात्री माझ्या खुर्चीतच झोपत आणि कोणाचे मूल रडले की उठून जात. त्यांची पाठ दुखत असे. ते मला ठाऊक होते, कारण ती माझ्यावर टेकलेली असे. त्यांनी ते कोणालाही सांगितले नाही. मी पुष्कळ माणसे वाहिली, पण अशी पाठ पुन्हा वाहिली नाही.

देवीची साथ खाडी ओलांडून आली. मिठागराच्या कडेच्या झोपड्यांत ती काही दिवस राहिली आणि गेली. बाळकुमच्या त्या मुलांपैकी एकाच्याही अंगावर फोड उठला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला एके दुपारी आमच्या दिंडी दरवाजावर थाप पडली. मंदाकिनीबाईंनी दार उघडले. बाहेर गोदा उभी होती. उन्हातून चालत आलेली, धुळीने पाय पांढरे झालेले. कडेवर एक अनोळखी तान्हे मूल होते आणि मागे त्याची आई, घाबरलेली, पळायच्या बेतात.

"माज्या नणंदेचं हाय," गोदा म्हणाली. "त्यांच्या गावात कोनी टोचून घेत नाय. मीच घेऊन आयली. डाक्टर घरात हाईत ना?"

पंत तोंडातला घास घाईने गिळून बाहेर आले. त्यांनी मूल हातात घेतले. घाबरलेल्या आईला मंदाकिनीबाईंनी पाणी दिले आणि गोदा तिला म्हणाली, "बस गं हितं. मी हाय."

मित्रांनो, माझे काम पुढे बरीच वर्षे चालले. आता माझा वेत झडला आहे, चाकांना गंज चढला आहे आणि ज्यांच्या घरी मी आहे ते मला भंगारात द्यावे की ठेवावे याचा विचार करत आहेत. त्यांनी काय ठरवावे ते मी सांगणार नाही. तुम्हांला एवढेच सांगते. तुमच्याजवळची एखादी वस्तू कुरकुरू लागली तर तिला आदळू नका, नावे ठेवू नका. तिच्याजवळ बसा, तेलाचे दोन थेंब द्या, आणि मंदाकिनीबाईंसारखे एकेक गोष्ट बाजूला करून ऐकत जा. शेवटी आपल्या स्वतःच्या अंगावरचीही एखादी आवडती गोष्ट काढून ठेवावी लागली तर ती काढून ठेवा. आणि दारातले मूल तुम्हांला पाहून आत पळाले तर त्याच्या मागे धावू नका. बाहेर जमिनीवर बसा. ते येईल.